नागपूरहून स्कीइंगसाठी जाताना ठिकाण कसे निवडावे

नागपूरकरांच्या घरात बर्फाच्या सहलीची चर्चा बहुधा विमानभाड्यापासून सुरू होते. स्कीइंग शिकायचेच असेल, तर आधी उतार, मग तारीख आणि शेवटी प्रवास असा क्रम ठेवावा.

प्रथम उतार पाहावा. नवशिक्याला उंच शिखर नव्हे, तर रुंद, सौम्य आणि खाली सपाट होत जाणारा उतार लागतो. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गला असे उतार वस्तीलगतच आहेत. तेथील गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यांच्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट पर्वतावर जातो. पण वरचा भाग हिमस्खलनाचा धोका असलेला आहे, त्यामुळे तो सरावलेल्यांसाठीच सोडावा. उत्तराखंडातील औलीचे उतारही शिकण्यास उत्तम आहेत. मात्र २०२३ मध्ये औलीखालच्या जोशीमठ गावात जमीन खचल्यानंतर तेथून वर औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला, म्हणून वर कसे पोहोचणार हे हॉटेलला आधीच विचारून घ्यावे. मनालीजवळचे सोलंग बर्फात खेळण्यासाठी ठीक आहे. गर्दीमुळे तेथे मन लावून शिकणे अवघड जाते.

तारीख ठरवताना नाताळच्या सुट्टीचा मोह टाळावा. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-कलां’, म्हणजे सर्वांत कडक थंडीचा काळ, सुरू होतो, परंतु थंडी पडली म्हणजे बर्फ पडलाच असे नाही: जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार कोरडे होते. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा, आणि रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी.

त्यानंतर प्रशिक्षणाची चौकशी करावी. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तर मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थाही स्कीइंगचे वर्ग घेते. अशा अभ्यासक्रमात राहणे, शिकणे आणि साहित्य एकत्र मिळते. माझ्या मते चार दिवस हॉटेलात राहून रोज नवा प्रशिक्षक शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरे. साहित्य भाड्याने घ्यायचे झाल्यास बूट नीट तपासावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर थोडी मागे सरकावीत आणि टाच मात्र उचलली जाऊ नये. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका, आपल्या वजनानुसार लावून घ्यावे, नाहीतर पडल्यावर स्की पायातून सुटत नाही आणि गुडघा मुरगळतो.

कपड्यांचे थोडक्यात: नागपूरच्या थंडीतला स्वेटर आतून चालेल, पण सुती कपडा अंगालगत घालू नये, कारण तो भिजला की वाळत नाही. वरून पाणी न शिरणारे जाकीट आणि पँट लागतेच.

राहिला प्रवास. गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, परंतु वाटेतल्या टनमर्ग गावाच्या पुढे बर्फात चाकांना साखळ्या लावलेली गाडी लागते. औलीसाठी ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा डोंगरी रस्ता अख्खा दिवस खातो. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, त्यामुळे घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड क्रमांक असावा. हिमवृष्टीमुळे श्रीनगरची विमाने रद्द होतात. म्हणून परतीचे दिल्ली–नागपूर तिकीट त्याच दिवसाचे न काढता दुसऱ्या दिवसाचे काढावे.