बालरुग्णाचे पालक, परिचारिका आणि दुभाषी

मूल दाखल होताच पालक कोणती भाषा बोलतात आणि कोणती वाचतात, हे स्वतंत्रपणे विचारून केसपेपरवर लिहावे, कारण बोलता येणारी भाषा वाचता येतेच असे नाही. दुभाषी केवळ डॉक्टरांच्या राउंडपुरता बोलावणे माझ्या मते अपुरे आहे. मूल किती दूध प्यायले, लघवी केव्हा झाली, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे बहुधा परिचारिकेलाच विचारावे लागते.

आजारी मूल किंवा त्याचे भावंड कितीही चुणचुणीत असले तरी त्याच्याकडून भाषांतर करवून घेऊ नये. जे त्याला समजत नाही ते त्याच्याकडून गाळले जाते, आणि वाईट बातमी स्वतःच्या आईला सांगण्याचा भार त्याच्यावर पडतो. मोठे नातेवाईकही पुष्कळदा सांगितलेले सौम्य करून पोहोचवतात. अर्थात, तातडीचे उपचार दुभाष्याची वाट पाहत थांबवू नयेत.

संभाषणापूर्वी दुभाष्याला विषयाची थोडक्यात कल्पना द्यावी. नंतर मात्र पालकांकडे पाहूनच बोलावे: ‘यांना विचारा’ असे न म्हणता ‘तुम्ही बाळाला शेवटचे दूध केव्हा पाजले?’ असा थेट प्रश्न करावा आणि एक-दोन वाक्यांनंतर थांबावे. दुभाषी फोनवर असेल तर त्याला खोली दिसत नाही, म्हणून खोलीत कोण आहे ते आधी सांगावे आणि ‘इथे’, ‘एवढे’ असे न म्हणता अवयवाचे नाव व नेमके माप उच्चारावे. मुलाला आपली भाषा येत असल्यास त्याच्याशी अवश्य बोलावे, पण ते बोलणे पालकांपर्यंतही पोहोचवावे.

सर्वाधिक वेळ डिस्चार्जसाठी राखून ठेवावा. ‘समजले का?’ या प्रश्नावर बहुतेक पालक संकोचाने मान डोलावतात. त्याऐवजी ‘घरी औषध कसे द्याल ते दाखवा’ असे सांगावे. डोस 2.5 मिलिलिटर असेल, तर पालकांनी स्वतः तोंडावाटे औषध देण्याच्या सिरिंजमध्ये तेवढे भरून दाखवावे, कारण घरातल्या चमच्यांचे माप सारखे नसते. पुन्हा केव्हा यायचे तेही त्यांच्याच तोंडून ऐकावे. उदाहरणार्थ, 3 महिन्यांहून लहान बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आल्यास ताबडतोब. शेवटी दुभाष्याचे नाव किंवा क्रमांक, भाषा आणि पालकांनी काय सांगून-करून दाखवले, याची नोंद करावी, म्हणजे पुढच्या पाळीतील परिचारिकेला तेच प्रश्न नव्याने विचारावे लागणार नाहीत.