मेणबत्ती बनवायचं सामान गिफ्ट द्यायचंय? काय घ्यायचं आणि काय सोडायचं

कोणीतरी बोलता बोलता म्हणून गेलेलं असतं की मला मेणबत्त्या करून बघायच्यात, आणि वाढदिवस जवळ आला की ते आपल्याला बरोबर आठवतं. मग सर्च केलं की पन्नास वस्तूंचा सेट, डझनभर सुगंध, वाळलेली फुलं, गोल्डन डब्या असं काय काय समोर येतं आणि फोटो इतके छान असतात की सरळ ऑर्डर करावंसं वाटतं. जरा थांबा. त्या पन्नास वस्तूंमध्ये स्टिकर किती, लेबलं किती, आइस्क्रीमच्या काड्या किती ते आधी मोजा. आणि मेण किती ग्रॅम आहे ते शोधा, ते बहुतेक वेळा बारीक अक्षरात खाली कुठेतरी लिहिलेलं असतं.

किट तपासायची माझी साधी पद्धत सांगते. तीन गोष्टी बघायच्या. मेणाचं वजन दिलंय का, वात किती व्यासाच्या भांड्यासाठी आहे ते लिहिलंय का, आणि सुगंधाच्या बाटल्या केवढ्या आहेत. आता १० मिलीच्या आठ बाटल्या दिसायला भारी दिसतात, पण मेणाच्या वजनाच्या साधारण ६ ते १० टक्के सुगंध घालतात, म्हणजे १५० ग्रॅम मेणाला ८ टक्क्याने १२ ग्रॅम लागतो. एक बाटली एका मेणबत्तीलाही पुरत नाही! मग माणूस दोन वेगवेगळे वास एकत्र ओततो आणि पुढे जे होतं ते होतं.

त्यापेक्षा सामान सुटं घ्या. एकच प्रकार ठरवा, एकाच मापाची भांडी, एकच मेण, आणि त्यातून सहा-सात मेणबत्त्या होतील एवढा माल. नवीन माणसाला व्हरायटी नको असते, तीच गोष्ट परत करून बघायला मिळायला हवी असते, कारण पहिली मेणबत्ती थोडी बिघडणारच आणि दुसरीत काय बदलायचं ते पहिलीवरूनच कळतं.

प्रकार कुठला म्हणाल तर ग्लासात किंवा पत्र्याच्या डबीत ओतायची मेणबत्ती. साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्त्या दिसायला मस्त पण त्याला कडक मेण लागतं, साचा गळतो, निघताना कडा तुटतात. ते नंतर. भांडं साधारण ६ ते ७.५ सेंटीमीटर व्यासाचं घ्या, सरळ उभ्या भिंतीचं, तोंड अरुंद नको. काच असेल तर जाड, मेणबत्तीसाठी म्हणूनच विकलेली. पातळ शोभेचे ग्लास आणि लाकडी वाट्या नको, प्लॅस्टिक तर अजिबातच नको. मला विचाराल तर पहिल्या वेळेला पत्र्याची डबी बेस्ट, तडकायची भीती नाही आणि झाकणही असतं.

मेणात सोया वॅक्स घ्या, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण, 'कंटेनर' (भांड्यात ओतायचं) असं लिहिलेलं. कमी तापमानाला वितळतं, सांडलं तर गरम पाणी आणि साबणाने बऱ्यापैकी निघतं. त्याच्यावर कधी कधी पांढरट बर्फासारखी नक्षी येते, तो दोष नाही, सोयाचा स्वभावच आहे, आणि हे गिफ्ट देतानाच सांगून टाका म्हणजे समोरचा नाराज होत नाही. पॅराफिन, म्हणजे पेट्रोलियमपासून बनणारं नेहमीचं मेण, ते पण वाईट नाही हां, उगाच त्याला व्हिलन करतात. काजळी धरते ती बहुतेक वेळा वात मोठी असल्यामुळे किंवा ज्योत वाऱ्याने हलत राहिल्यामुळे. पण पॅराफिन थंड होताना आकसतं, वातीजवळ खड्डा पडतो आणि वरून दुसऱ्यांदा ओतावं लागतं, म्हणून नवीन माणसाला सोया सोपं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं, त्याला स्वतःचा छान वास असतो, पण महाग आणि घट्ट. आणि जेल वॅक्स, ते पारदर्शक असतं ना, ते सोडाच. त्याला खूप जास्त तापवावं लागतं आणि त्यात सगळे सुगंध चालतही नाहीत.

आता वात. गिफ्ट देणारे सगळ्यात कमी लक्ष हिच्याकडे देतात आणि मेणबत्ती चालणार की नाही ते हीच ठरवते. काय होतं की ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, ते वातीतून वर चढतं, वर जाऊन त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ. म्हणजे वात हा पंप आहे, आणि पंप भांड्याच्या मापाचा पाहिजे. बारीक पडली तर मधोमध विहीर पडते, कडेचं मेण तसंच राहतं आणि शेवटी ज्योत त्यात बुडून विझते. जाड झाली तर ज्योत मोठी, धूर, काजळी, भांडं चटके बसतील इतकं गरम. म्हणून वात कधीही 'अंदाजे' घेऊ नका. विकणारे वातीच्या प्रत्येक सिरीजसाठी (सिरीज म्हणजे वातीचा एक प्रकार, त्यात जाडीप्रमाणे नंबर असतात) व्यासाप्रमाणे तक्ता देतात, तो बघा, आणि लक्षात ठेवा एका सिरीजचा नंबर दुसऱ्या सिरीजला लागू होत नाही, त्यामुळे आकडा सेम दिसला म्हणून वात सेम असं नसतं.

आणि खरी युक्ती ही की तक्त्यातला एक नंबर घ्यायचा, त्याच्या एक खालचा आणि एक वरचा पण घ्यायचा. तिन्हीची पाकिटं वेगळी ठेवून वर नंबर लिहा. तक्ता हा अंदाज असतो, मेण बदललं, सुगंध बदलला की वात बदलावी लागू शकते, जड सुगंध मेणाचा वर चढायचा वेग कमी करतात. समोरच्याकडे तीन नंबर असले तर तो स्वतःच शोधून काढेल, आणि त्यातच तर मजा आहे. ओळखायचं कसं, तर ढोबळमानाने दर अडीच सेंटीमीटर व्यासाला एक तास, म्हणजे ७ सेंटीमीटरच्या डबीत साधारण तीन तासात वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचायला हवं. नाही पोचलं तर पुढची वात एक नंबर मोठी.

विणलेली कॉटनची वात घ्या, मेण लावून कडक केलेली, खाली पत्र्याची चकती असलेली. विणलेल्या वातीचं वैशिष्ट्य म्हणजे ती जळताना वाकते आणि टोक ज्योतीच्या बाहेरच्या गरम भागात जाऊन जळून जातं. ही आयडिया १८२५ च्या सुमारास फ्रान्समधून आली, त्याआधी नुसत्या पिळलेल्या वाती असायच्या आणि लोकांना सारखी काजळी कापत बसावं लागायचं. तरी दर वेळी पेटवायच्या आधी वात ५-६ मिलीमीटरवर कापायची असतेच, म्हणून गिफ्टमध्ये एक छोटी कात्री टाकली तर छान. लाकडी वाती चटचट आवाज करतात, फोटोत गोड दिसतात, पण नवख्याला त्या पेटत्या ठेवणं अवघड जातं, दुसऱ्या गिफ्टला ठेवा. वातीबरोबर खाली चिकटवायचे गोल स्टिकर आणि वात मधोमध धरणारी पट्टी. पट्टी नसली तरी कपडे वाळत घालायचा चिमटा चालतो.

सुगंध दोन घ्या, एक १०० मिलीचा आणि एक छोटा, बस. १ किलो मेणाला ८ टक्क्याने ८० ग्रॅम लागतो. बाटलीवर मेणबत्तीसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. अंगाला लावायचा परफ्यूम चालत नाही, काड्यांच्या डिफ्यूझरचं तेल पण चालत नाही. व्हॅनिलाचा अंश असलेल्या सुगंधाने पांढरं मेण काही दिवसांनी पिवळं-तपकिरी पडतं, खराब होत नाही पण ज्याला पांढरी शुभ्र मेणबत्ती हवीय तो वैतागतो. इसेन्शियल ऑइल नैसर्गिक म्हणून लोक घेतात, पण बरीचशी तेलं गरम मेणात उडून जातात आणि वास जेमतेम येतो, शिवाय घरात मांजर-कुत्रं असेल तर काही तेलं त्यांना त्रास देतात. आणि हो, ज्याला द्यायचंय त्याला कुठल्या वासाने डोकं दुखतं ते आधी काढून घ्या.

साधनांमध्ये तीन गोष्टी. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, थर्मामीटर, आणि चोच असलेला ओतायचा जग. मेण कधीही कपाने मोजायचं नाही, चुऱ्याच्या मधे हवा असते. भांड्याचं गणित सोपं आहे, जिथपर्यंत भरायचं तिथपर्यंत पाणी घाला, पाण्याचं वजन करा आणि त्याच्या ०.९ पट मेण धरा. १६० ग्रॅम पाणी मावलं तर साधारण १४५ ग्रॅम मेण, म्हणजे किलोभरात सहा-सात डब्या. नंतर डबी एकदम कोरडी करायची. थर्मामीटर यासाठी की सुगंध घालायचं तापमान वेगळं आणि ओतायचं वेगळं असतं. बऱ्याच सोया मेणात ७५ ते ८५ अंशाच्या दरम्यान सुगंध घालून दोन मिनिटं सावकाश हलवतात, मग ५५-६५ ला आल्यावर ओततात, पण पाकिटावर जे लिहिलंय तेच फायनल.

रंग हवाच असेल तर मेणबत्तीचे खास तुकडे किंवा तेलात विरघळणारा रंग. मुलांचे क्रेयॉन किसून टाकायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, त्यातले कण वातीत अडकतात आणि पंपच बंद पडतो. खायचा रंग पाण्यातला, तो मेणात मिसळतच नाही. वाळलेली फुलं तर मी पाकिटातून काढूनच टाकेन, वरती पसरलेली पाकळी म्हणजे दुसरी वातच की, पेटते.

मेण पाण्याच्या भांड्यात जग ठेवूनच वितळवायचं, थेट आचेवर नाही, कारण पाणी उकळून सांगतं तसं मेण सांगत नाही, ते तापत जातं, मग धूर आणि मग एकदम आग. आग लागलीच तर पाणी ओतायचं नाही, आच बंद करून झाकण टाकायचं. म्हणून जगावर घट्ट बसेल असं एक धातूचं झाकण पण सामानात घाला. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतायचं नाही, पाइप तुंबतो.

लहान मुलासाठी गिफ्ट असेल तर हे सगळं विसरा आणि मधमाशीच्या मेणाच्या जाळीदार शीट घ्या. वात कडेला ठेवून गुंडाळायची, झालं. तापवायचं काहीच नाही. थंडीत शीट तडकते, हेअर ड्रायर लांबून फिरवला की नरम पडते. पेटवायचं काम मात्र मोठ्यांनीच.

बॉक्समध्ये हाताने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा. डबीचा व्यास, मेण किती ग्रॅम, सुगंध किती ग्रॅम, वातीचा पहिला नंबर कुठला, आणि मोठ्या अक्षरात हे की ओतल्यावर सोयाला एक-दोन आठवडे झाकून ठेव, मगच पेटव. बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी पेटवतात आणि वासच येत नाही म्हणून सुगंध वाढवत बसतात.

बजेट कमी पडलं तर आधी रंग काढा, मग दुसरा सुगंध, मग जग (घरातलं एखादं जुनं चोचीचं भांडं फक्त मेणासाठी वेगळं काढलं तरी चालतं). मेण पण किलोऐवजी अर्धा किलो चालेल. काटा, थर्मामीटर आणि वातीचे तीन नंबर मात्र कापू नका.