विशारद झालात, आता पुढे?

दर वर्षी जून-जुलैत मला एकाच प्रकारचे फोन येतात. मुलगी किंवा मुलगा नुकताच गाण्याच्या परीक्षा देऊन विशारद झालेला असतो, पदवीही हातात आलेली असते, आणि घरात प्रश्न निघालेला असतो की गाण्यात राहायचं तर पोट कसं भरणार. बहुतेकांना मैफलीत गायचं असतं. ते सोडा असं मी कुणालाच म्हणत नाही. पण गाण्याच्या क्षेत्रात दोन कामं अशी आहेत की तिथे चांगली माणसं कायम कमी पडतात: शिकवणं आणि कार्यक्रमांची व्यवस्था पाहणं. मिरजेहून पुण्याला येऊन मला चौदा वर्षं झाली आणि ही दोन्ही कामं मी तेव्हापासून करते आहे.

दोन्हींत येणाऱ्या नव्या माणसाला सर्वांत जड जातं ते पैशाचं बोलणं. आपल्याकडे त्याला मानधन म्हणतात आणि ते आधी विचारणं वाईट दिसतं असं आपल्याला वाटतं. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा ती शाळा एखाद्या राजाच्या आश्रयावर उभी नव्हती. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचं उत्पन्न यांवर ती चालली. पुढे मुंबईतल्या वास्तूच्या कर्जापायी ती इमारत लिलावात गेली. इतक्या मोठ्या माणसालाही गाण्याइतकाच हिशेबाचा भार वाहावा लागला. त्यामुळे फी किती, कधी, कशी हे विचारताना मान खाली घालू नका.

आता शिकवण्याबद्दल. चांगलं गाता येतं म्हणजे शिकवता येईल, या समजुतीत मी पहिलं वर्ष घालवलं. आठ ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग होता. माझी पट्टी, म्हणजे मी जो स्वर ‘सा’ धरून गाते ती, पेटीची काळी चार (चौथी काळी पट्टी), म्हणून पेटीही काळी चारला. अलंकार, म्हणजे स्वरांचे पलटे, ठीक चालायचे. यमन राग सुरू केला आणि वर्ग गप्प झाला. यमनची चालच ‘नि़ रे ग’ अशी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, निषादातून उठते, आणि तो निषाद आला की मुलं पुटपुटायला लागायची. मला वाटलं लक्ष नाही, रियाज नाही. दोन मुलांच्या आयांना तसं सांगितलंसुद्धा, त्याचं आजही वाईट वाटतं. शेवटी माझ्या गुरुजींनी एक दिवस वर्गात बसून ऐकलं आणि पेटी वर, पुढच्या काळी एकला न्यायला सांगितली. त्याच मुलांचा आवाज पहिल्यांदा मोकळा लागला. लहान मुलांच्या गळ्याला तेवढं खाली जायला जागाच नव्हती. मी माझ्या सोयीच्या पट्टीत त्यांना गायला लावत होते.

तेव्हापासून नवीन मूल आलं की पहिल्या आठवड्यात मी काहीच शिकवत नाही. त्याला आवडेल ते गायला सांगते आणि आवाज वर कुठपर्यंत, खाली कुठपर्यंत आरामात जातो ते वहीत लिहून ठेवते. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा तर फार सांभाळावं लागतं. त्या काळात त्यांना वरच्या सप्तकात ताणायचं नाही, वेळ कमी करायचा, पण क्लास बंद होऊ द्यायचा नाही. चांगले गळे असलेले कितीतरी मुलगे याच वर्षा-दीड वर्षात गाणं सोडतात. ‘आवाज गेला’ असं त्यांना वाटतं आणि कुणी समजावून सांगत नाही.

परीक्षांचं काय? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पालक त्यांच्याबद्दल विचारणारच. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत वर्ग भरतो आणि दहावीनंतर निम्मा रिकामा होतो. घर चालवायचं असेल तर या भरती-ओहोटीचा अंदाज घेऊनच जागेचं भाडं ठरवा. फी महिन्याची न घेता तीन महिन्यांची आगाऊ घ्या, आणि मुलाने बुडवलेल्या तासाचं काय करायचं हे पहिल्या दिवशीच कागदावर द्या. आणि स्वर लिहिण्याच्या पलुस्कर पद्धतीबरोबर भातखंडे स्वरलिपीही लिहिता-वाचता आली पाहिजे. तुमचा विद्यार्थी विद्यापीठात गेला की त्याच्यापुढे तीच येते.

नोकरी हवी असेल तर वाट वेगळी. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकाचं पद असतं, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ₹35,400. नवोदय विद्यालयांतही संगीत शिक्षक असतात. मात्र विशारद ही पदवीसमान धरली आहे की नाही, हे प्रत्येक जाहिरातीत डोळ्यांत तेल घालून वाचा. मी ओळखते अशा दोघींचे अर्ज याच एका ओळीवर बाद झाले. म्हणून जमत असेल तर बी.ए. किंवा एम.ए. संगीतात करावं असं मी सांगते: पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ अशा जागा आहेत. प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि नेट. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत आणखी एक दार आहे: पदवीधर असलेला, नामवंत गुरूकडे शिकलेला आणि आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलाकारही पात्र ठरू शकतो. आकाशवाणीची श्रेणी बी, बी हाय, ए, टॉप अशी चढत जाते. ऑडिशन लवकर द्या. 18 ते 25 वयोगटासाठी केंद्र सरकारची महिना ₹5,000 ची दोन वर्षांची शिष्यवृत्तीही आहे. रियाजाला दोन वर्षं मिळणं फार मोलाचं असतं, अर्ज करायचं टाळू नका.

व्यवस्थापनाचं शिक्षण मात्र आपल्याकडे अजून बहुतांशी काम करता करताच होतं. मी सुरुवात महाविद्यालयात असताना स्पिक मॅके या शाळा-कॉलेजांत शास्त्रीय संगीत नेणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमांना स्वयंसेवक म्हणून केली. स्टेशनवर कलाकाराला घ्यायला जायचं, गरम पाण्याचा थर्मास भरायचा, तानपुऱ्यावर बसायचं. आजही कुणी मदतनीस म्हणून आलं तर मी त्याला आधी तानपुरा लावता येतो का हे विचारते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या लहानपणी सतारमेकरांच्या दुकानात तासन् तास बसून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) कशी उघडते ते बघायला मिळालं, हेच माझं खरं व्यवस्थापनाचं शिक्षण. सभागृहाचा एसी सुरू झाला की तारा उतरतात-चढतात, म्हणून मी एसी दीड तास आधी लावायला सांगते आणि तानपुरे त्याच थंड हवेत, रंगमंचावरच लावते. हे आयोजकाला कळत नसेल तर गाणाऱ्याची पहिली वीस मिनिटं वाया जातात.

एकदा गायक आजारी पडले आणि त्यांच्याऐवजी एका गायिकेचा कार्यक्रम ठरला. मी निमंत्रणपत्रिका बदलली, पेटीवाल्यांना कळवलं, हॉटेलची खोली बदलली. तबलावादकांना मात्र पट्टी बदलल्याचं सांगायचं राहिलं. ते पहिल्या गायकांच्या पट्टीचे तबले घेऊन आले. दुसरा तबला गावातून येईपर्यंत श्रोते चाळीस मिनिटं बसून राहिले. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक कलाकारासमोर पहिला रकाना पट्टीचा असतो, फोन नंबर त्याच्यानंतर.

वेळेचाही नियम कडक आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, हा नियम 2000 सालचा. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं. सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्र-रात्र चालणाऱ्या सत्रांवरही त्याचा परिणाम झाला. मला याची मनापासून खंत वाटते, कारण उत्तररात्रीचे राग ऐकायला रात्र उरलीच नाही. आयोजकानं करायचं ते एवढंच की सकाळची सत्रं जास्त ठेवायची, म्हणजे तोडी, ललत तरी त्यांच्या वेळेला ऐकू येतील.

कराचं थोडक्यात सांगते. ₹500 पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं कलाकाराचं मानधन ₹1.5 लाखांपर्यंत असेल तर त्यावरही नाही. तिकीट ठरवताना हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा, आणि टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र कलाकाराला न मागता द्या. सुरुवातीला मला एका संस्थेने तीन दिवसांच्या कामाबद्दल शाल आणि श्रीफळ दिलं होतं. ‘नंतर बघू’ म्हणाले, ते नंतर कधी आलंच नाही. त्या महिन्याचं भाडं मी आईकडून घेतलं. म्हणून आता तबलजी असो की तानपुऱ्यावरची विद्यार्थिनी, रक्कम आणि तारीख मी आधी लेखी कळवते आणि कार्यक्रम संपला की त्याच रात्री पैसे पाठवते.

ज्यांना दोन्ही कामं करायची आहेत त्यांच्यासाठी एक अडचण राहते. परीक्षांचं नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र आणि मैफलींचा हंगाम एकाच वेळी येतो. मी सप्टेंबरमध्येच ठरवते की या वर्षी परीक्षेला किती मुलं बसवायची, आणि त्यानुसार दोन किंवा तीनच कार्यक्रम हाती घेते. तुम्हाला मदतनीस म्हणून शिकायचं असेल तर त्याच महिन्यात आयोजकांना भेटा. डिसेंबरात कुणाला शिकवायला वेळ नसतो.