डोलकाठीचा सांधा ढिला झाला? दुरुस्ती करताना या चुका टाळा

लेझर ही एकट्याने हाकायची छोटी शिडाची होडी आहे. ब्रूस कर्बी यांनी तिचा आराखडा काढला, 1996 पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे आणि 2019 पासून तिचे अधिकृत नाव आयएलसीए असे झाले आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताचे नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन याच होड्यांवर उतरले होते. मुंबईच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाची होडी हाकायला शिकणारी अनेक मुले ऑप्टिमिस्ट या लहान मुलांच्या होडीनंतर याच होडीवर येतात. तिची डोलकाठी दोन तुकड्यांची असते: खालची जाड नळी आणि तिच्या तोंडात बसणारी वरची बारीक नळी. अलीकडे वरचा तुकडा संमिश्र पदार्थाचाही मिळतो. पण क्लबांतल्या जुन्या होड्यांवर तो बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो आणि हा लेख त्याच डोलकाठीविषयी आहे.

या डोलकाठीला बाजूने तारांचा आधार नसतो. वारा शिडावर जो जोर लावतो, त्यातला वरच्या भागाचा सगळा भार या एका सांध्यातूनच खाली उतरतो. त्यामुळे सांधा झिजणे स्वाभाविक आहे आणि त्याची दुरुस्ती अवघडही नाही. प्रत्यक्षात डोलकाठ्या झिजेमुळे जितक्या निकामी होतात, तितक्याच चुकीच्या दुरुस्तीमुळेही होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

झीज कुठे आहे हे न पाहताच कामाला लागणे

वरच्या नळीच्या खालच्या टोकाला प्लास्टिकचा प्लग असतो आणि त्याच्या थोडे वर खांदा असलेली प्लास्टिकची कॉलर असते. हा खांदा खालच्या नळीच्या तोंडावर टेकतो. म्हणजे सांधा दोन ठिकाणी धरलेला असतो: वर कॉलरपाशी आणि आत, खोलवर, प्लगपाशी. ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला घासू नये आणि जे झिजायचे ते स्वस्त, बदलता येण्याजोगे प्लास्टिक झिजावे, अशीच ही रचना आहे. पुष्कळ जण मात्र सांधा खडखडू लागला की ‘नळी झिजली’ असे गृहीत धरतात आणि नळीवरच कानस किंवा हातोडा चालवतात.

डोलकाठी जमिनीवर आडवी ठेवून दोन्ही तुकडे जोडावेत, एकाने खालची नळी घट्ट धरावी आणि दुसऱ्याने वरच्या टोकाला धरून ते आधी पुढे-मागे आणि मग डावीकडे-उजवीकडे हलवावे. कॉलरपाशी फट उघडते-मिटते का, हे डोळ्यांना दिसते. आतला प्लग ढिला असेल तर कॉलर स्थिर दिसते, पण आतून ‘टक’ असा आवाज येतो. मग तुकडे वेगळे करून व्हर्नियर कॅलिपरने कॉलर आणि प्लग यांचा व्यास दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा. झीज बहुधा सर्व बाजूंनी सारखी नसते. डोलकाठी मागे वाकत असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या बाजूला ती जास्त दिसते. खालच्या नळीचे तोंडही असेच दोन दिशांनी मोजावे आणि आतल्या कडेवरून बोट फिरवावे. तिथे धारदार कड किंवा खरखरीत डाग असेल, तर नवी कॉलरही काही दिवसांत कापली जाईल.

थोडीशी फट चालेल, असे समजणे महागात पडते. आत गेलेला भाग 30 सेंटीमीटर आणि वर उरलेला 3 मीटर आहे असे धरले, तर प्लगपाशी 1 मिलिमीटर ढिलाई असताना डोलकाठीचे टोक सुमारे 10 मिलिमीटर मोकळे डुलते. प्रत्येक लाटेवर ते टोक मागे-पुढे आपटते आणि तो धक्का कॉलरच्या रिव्हेटवर, म्हणजे कॉलर नळीला जखडणाऱ्या धातूच्या खिळ्यावर येतो.

हाताला येईल ती टेप गुंडाळणे

टेपने सांधा घट्ट करणे ही जुनी आणि योग्य पद्धत आहे. चूक होते ती टेपच्या निवडीत. इलेक्ट्रिशियनची मऊ टेप उन्हात तापली की तिचा गोंद सरकतो आणि तासाभराच्या शर्यतीत ती गोळा होऊन बसते. कापडी टेप खारे पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी आत ॲल्युमिनियम खात राहते. त्याऐवजी पातळ, न ताणली जाणारी प्लास्टिकची टेप घ्यावी, प्लास्टिकचा पृष्ठभाग साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि एकावर एक सपाट थर द्यावेत. प्रत्येक थरानंतर सांधा जोडून पाहावा. हाताच्या जोराने, थोडा पीळ देत वरचा तुकडा आत जावा आणि हलवला असता आवाज येऊ नये, इतकेच घट्टपण हवे. मोगरीने ठोकावे लागत असेल तर एक थर काढावा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र वेगळीच आहे: टेप फक्त कॉलरवर लावली जाते, कारण ती दिसते. प्लग तसाच ढिला राहतो, सांधा वरून घट्ट वाटतो आणि आत नळीचे टोक कॉलरभोवती झुलत राहते. दोन्ही ठिकाणे एकाच वेळी दुरुस्त केली तरच दुरुस्तीला अर्थ आहे. मोजमापात झीज अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलेली दिसली, तर टेपचा नाद सोडून नवी कॉलर आणि नवा प्लग बसवावा.

काही जण झिजलेल्या कॉलरवर एपॉक्सी पुट्टी चढवून ती घासून गोल करतात. अशा गुळगुळीत प्लास्टिकला एपॉक्सी नीट धरत नाही आणि पहिल्याच जोरदार वाऱ्यात तिचा पापुद्रा सुटतो. लेथवर नायलॉनची कॉलर करून घेण्याचा मोहही होतो. पण नायलॉन पाणी शोषून फुगते आणि मग सांधा सुटत नाही. शर्यतीत उतरणाऱ्यांनी तर वर्ग-नियमांत (या प्रकारच्या होड्यांसाठी ठरवलेल्या नियमांत) काय बसते हे आधी वाचावे आणि मान्यताप्राप्त सुटे भागच वापरावेत.

रिव्हेटकडे दुर्लक्ष करणे

वरची नळी मोडते तेव्हा ती बहुतेक वेळा कॉलरच्या रिव्हेटच्या छिद्रापाशीच मोडते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. शीड ताणले की डोलकाठीचे टोक मागे ओढले जाते आणि काठी धनुष्यासारखी वाकते. अशा वेळी तिची पुढची बाजू ताणली जाते आणि मागची दाबली जाते. छिद्राच्या कडेपासून निघणारी भेग ताणलेल्या बाजूला पसरते, दाबलेल्या बाजूला ती सहसा मिटलेली राहते. म्हणून डोलकाठी जोडताना रिव्हेट मागे, बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या) बाजूला येईल अशी वरची नळी फिरवून ठेवावी आणि ती फिरू नये म्हणून सांध्याभोवती बाहेरून टेपचे दोन वेढे द्यावेत. उलटलेल्या होडीत वरचा तुकडा निसटू नये, यासाठीही हे वेढे उपयोगी पडतात.

जुना रिव्हेट काढताना छिद्र मोठे करू नये. रिव्हेटच्याच मापाचा ड्रिल बिट घेऊन फक्त डोके कापावे आणि उरलेला भाग हलक्या ठोक्याने आत ढकलावा. जुने छिद्र सैल झाले म्हणून त्याला लागून दुसरे छिद्र पाडणे म्हणजे नळी तिथून मोडण्याची सोय करणे होय. कॉलरला ॲल्युमिनियमचाच पॉप रिव्हेट लावावा. तो मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळतो. ‘स्टेनलेस अधिक मजबूत’ या समजुतीने स्टीलचा रिव्हेट लावला, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. रिव्हेटच्या मधल्या पोकळीवर सीलंटचा थेंब द्यावा, कारण नळीत पाणी शिरले तर उलटलेली होडी पूर्ण पालथी होते आणि ती सरळ करणे फार कष्टाचे ठरते.

छिद्राभोवती भेग आहे का, हे पाहण्यासाठी तो भाग स्वच्छ करून शाई लावावी, पुसून टाकावी आणि भिंगातून पाहावे. भेगेत शाईची केसासारखी रेघ उरते. अशी रेघ दिसली तर ती नळी पाण्यावर नेऊ नये.

वेल्डिंग करणे आणि आच देणे

भेग गेलेल्या किंवा मोडलेल्या नळीला वेल्डिंग करून देणारे कारागीर मिळतात आणि त्यांचे टाके दिसायलाही सुबक असतात. परंतु डोलकाठीच्या नळीला ताकद येते ती मिश्रधातूवर केलेल्या उष्णता-प्रक्रियेने आणि वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारच्या पट्ट्यातली ती प्रक्रिया नाहीशी होते. 6061-टी6 सारख्या मिश्रधातूची ताकद तिथे साधारण 40 टक्क्यांनी घटते. सांधा हा सर्वाधिक वाकणाऱ्या जागांपैकी एक असताना नेमका तोच मऊ करण्यात काहीच शहाणपण नाही.

अडकलेला सांधा सोडवण्यासाठी ब्लो-टॉर्च लावणेही याच कारणाने वर्ज्य आहे. शिवाय आतले प्लास्टिक वितळते. आधी सांध्यात गोडे पाणी आणि साबण सोडून तो रात्रभर ठेवावा. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून, ओढण्याआधी पीळ देत सोडवावा. तरीही न सुटल्यास फक्त बाहेरच्या नळीवर उकळते पाणी ओतून लगेच प्रयत्न करावा. 60 मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची नळी 60 अंशांनी तापली, तर तिचा व्यास सुमारे 0.08 मिलिमीटरने वाढतो. हे थोडे वाटले तरी मिठाची पकड सुटायला अनेकदा पुरते. उशीर केला तर प्लास्टिकही तापून फुगते आणि फायदा उरत नाही. पाइप पान्याचे दात नळीवर उमटवू नयेत, कारण प्रत्येक दात भेगेची सुरुवात ठरू शकतो.

स्वच्छतेच्या नावाखाली नुकसान

सांध्यातली पांढरी भुकटी म्हणजे गंजलेले ॲल्युमिनियम. ती पॉलिश पेपरने घासली की सोबत ॲनोडायझिंगचा संरक्षक थरही निघून जातो. धुण्याचा सोडा तर ॲल्युमिनियमला थेट खातो. पातळ केलेले पांढरे व्हिनेगर आणि प्लास्टिकचा ब्रश पुरेसा आहे; नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. सांध्याला ग्रीस किंवा तेल लावू नये. किनाऱ्यावरची वाळू त्यात चिकटते आणि तीच कॉलर पॉलिश पेपरसारखी घासून काढते. जोडण्यापूर्वी दोन्ही भाग नुसत्या पाण्याने धुऊन पुसले, तर झिजेचे अर्धे कारण संपते.

मे महिन्याअखेर होड्या किनाऱ्यावर चढवल्या की डोलकाठीचे दोन्ही तुकडे वेगळे करून, आतून गोडे पाणी सोडून आणि तोंड खाली करून निथळत ठेवावेत. जोडलेल्या अवस्थेत चार महिने पावसाळी दमट हवेत राहिलेला सांधा ऑक्टोबरात सोडवताना वर सांगितलेला पाइप पाना आणि टॉर्च हातात घेण्याची वेळ येते.