जिजींना घेऊन भरीत पार्टीला

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय 78. अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली, अमळनेरला आमच्याजवळच असतात. गावाकडे याला म्हातारचळ म्हणतात आणि विषय संपवतात. तो मेंदूचा आजार आहे, आणि तो झालेल्या माणसालाही मोकळं ऊन, वारा, घरची चार माणसं हवीच असतात. फक्त न्यायची रीत वेगळी. ती आम्हाला एकदा सपशेल चुकल्यावर कळली.

पहिल्यांदा आम्ही त्यांना एरंडोल तालुक्यातल्या पद्मालयला नेलं. आयुष्यभर त्या ज्या गणपतीला जात आल्या, तोच. पण नेलं संकष्टीला. रांग, रेटारेटी, सतत वाजणारी घंटा. अर्ध्या तासात जिजी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "मन्ही माय वाट दखी राहिनी व्हई, माले घर जानं शे," एवढंच सारखं. मी शहाणपणाने सांगितलं, "जिजी, तुमची आई जाऊन तीस वर्षं झाली." त्यांनी ते जणू पहिल्यांदाच ऐकलं. तिथेच बसून ओक्साबोक्शी रडल्या. ते वाक्य मी पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. आता मायची आठवण निघाली की विचारते, "तुमची माय कळण्याची भाकरी कशी करायची?" माय हवी म्हणजे बहुतेक वेळा जीव घाबरलेला असतो, धीर हवा असतो. तो द्यायचा. खरंखोटं करत बसायचं नाही.

म्हणून जागा निवडताना बघण्यासारखं काय आहे हे विचारू नका. त्यांच्या हातांना काय येतं ते आधी आठवा. या आजारात आज सकाळचं आधी पुसलं जातं. हजारदा केलेलं हाताचं काम मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, ते खूप उशिरापर्यंत टिकतं. जिजींना नातवाचं नाव सापडत नाही, पण वांगं भाजलं की नाही ते नुसत्या वासावरून कळतं. त्यामुळे आमची सहल आता ठरलेली: चंपाषष्ठी झाली, भरताची वांगी आली, की आमच्याच शेतावर भरीत पार्टी. अमळनेरपासून अर्ध्या तासाचा रस्ता. उन्हाळ्यात मात्र नाव काढू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि या माणसांना तहान लागल्याचं सांगता येईलच असं नाही.

आदल्या दिवशी सांगू नये. आम्ही सांगितलं होतं, तर जिजी रात्री दोनला लुगडं नेसून ओट्यावर जाऊन बसल्या. आता चहा झाल्यावर, गाडी दारात आली की सांगते, "चला जिजी, मळ्यात जाऊन येऊ." निघताना त्या दिवशीच्या लुगड्यातला फोटो मोबाईलवर काढते. कुठे चुकामूक झालीच तर काय नेसल्या होत्या हे घाबरलेल्या डोक्याला आठवत नाही. नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कापड झंपराला आतून शिवून टाकलंय. माणूस दिसेनासं झालं तर आधी तासभर आपणच शोधू, असं करू नका. लगेच 112 ला फोन करा.

गाडीत मागच्या दाराचं चाइल्ड लॉक लावा आणि शेजारी कुणीतरी बसा. पिशवीत दुसरं त्याच रंगाचं लुगडं, डायपर, पाण्याची बाटली, दुपारच्या गोळ्या. शेतात संडास नसतो, म्हणून आम्ही भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची नेतो आणि जुन्या साड्यांचा आडोसा करतो. दर दोन तासांनी स्वतःच घेऊन जायचं. "जायचंय का?" विचारलं की उत्तर "नाही"च येतं.

शेतावरची सगळ्यात मोठी भीती विहिरीची. आमच्या विहिरीला कठडा नाही. पाय असलेलं आणि भान हरवलेलं माणूस क्षणात उठून चालू लागतं, म्हणून बैठक विहिरीपासून लांब घालतो आणि दर तासाला एकाच माणसाकडे जिजींची जबाबदारी देतो, नाव घेऊन. "सगळे आहेत की" म्हटलं की कुणीच नसतं. एकदा काळी ताडपत्री अंथरली तर जिजी त्यावर पाय टाकेनात. त्यांना तो खड्डा दिसत होता. या आजारात डोळ्यांना दिसलेलं मेंदू चुकीचं लावतो. आता फिक्या रंगाची गोधडी नेतो, त्यावर सरळ येऊन बसतात.

येणाऱ्या नातेवाइकांना मी आधी फोन करून बजावते. आपल्याकडे प्रत्येकाला वाकून विचारायची सवय, "माले वळखं का?" ही परीक्षा घेऊ नका. नापास झाल्याचं त्यांना कळतं, चेहरा उतरतो. समोर बसा, स्वतःच सांगा, "जिजी, मी तुमच्या बहिणीचा नातू, पारोळ्याचा." एका वेळी एकानेच बोला. आणि आठ-दहा जणांच्या वर माणसं नकोत. डीजे नकोच नको.

आता भरीत. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजली जातात, तेव्हा जिजी जाळापासून दहा पावलं लांब, धूर येणार नाही अशा बाजूला. भाजलेली वांगी कोमट झाली की केळीच्या पानावर त्यांच्या पुढ्यात ठेवते. काही सांगत नाही. मी स्वतः एक सोलायला घेते, त्या बघतात, मग हात पुढे येतो. देठ डाव्या हातात धरून अंगठ्याने साल वरून खाली ओढतात, लांबच लांब पट्टी निघते. काळा कण राहिला तर नखाने टिपून काढतात. मागच्या वेळी सात वांगी सोलली. मग बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी उखळीत, मिरची-लसूण आणि गर घालून मुसळी हातात दिली. ठोक्याला ठोका. घरी चमचा उलटा धरणारा तोच हात. माझ्या नणंदेने तेलाचं भांडं उचललं तर म्हणाल्या, "इतलं तेल कसाले?" वर्षभरात पहिल्यांदा कुणाला तरी रागावल्या. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांच्यासाठी भरीत वेगळं काढा. शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे नकोत, तिखट कमी. घास गिळायची सवय मंदावते, दाणा घशात अडकू शकतो. ताठ बसवून, लहान घासाने, भाकरी कुस्करून.

तीनला निघायचंच. कितीही रंगलेलं असो. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या की अनेकांची बेचैनी वाढते, जिजींची हमखास. चारपर्यंत घर, अंधार पडायच्या आधी सगळे दिवे लावलेले. घरी आल्यावर "कसं वाटलं?" विचारत नाही. पाय धुऊन देते, कोमट दूध, झोप. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गोंधळ एकदम वाढला, सुस्ती आली, ताप वाटला, तर थकल्या असतील म्हणून थांबू नका. लघवीचा संसर्ग किंवा पाणी कमी पडल्यानेही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि सहलीत शांत राहाव्यात म्हणून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी तर कधीच देऊ नका.

सांभाळणाऱ्या बाईचंही सांगते. जेवणाच्या वेळी मी तासभर जिजींच्या जवळ नसते, नणंद असते. हे मी आधीच मागून घेते. गरम भाकरी गरम असताना खायला मिळते. घरात मदतीला कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे, फोन करून बघा.

बडगी आता आम्ही शेतावर ठेवत नाही, स्वयंपाकघरात आणलीय. संध्याकाळी जिजींच्या येरझाऱ्या सुरू झाल्या की पाटावर बसवून बडगीत लसणाच्या चार पाकळ्या टाकते, मुसळी हातात देते आणि शेजारी भाजी निवडायला बसते.