दहा कोटी डॉलर मागण्याआधी

मोठ्या अनुदान स्पर्धेचा पहिला अर्ज लिहिताना आमचे तीन आठवडे समस्या किती गंभीर आहे हे मांडण्यातच गेले. निकालानंतर परीक्षकांचे शेरे आले. एकाने एवढंच लिहिलं होतं: ‘मुलं वर्गात येऊ लागली हे कळलं. ती वाचू लागली का?’ आमच्याकडे हजेरीपटांचे गठ्ठे होते, पण काम सुरू होण्याआधी किती मुलांना वाचता येत होतं, याची नोंदच नव्हती. तेव्हापासून नव्याने प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या स्थितीची नोंद, आहे का?

या स्पर्धांचं गणित समजून घ्यायला अमेरिकेतल्या मॅकआर्थर फाउंडेशन या अनुदान देणाऱ्या संस्थेची ‘हंड्रेड अँड चेंज’ ही स्पर्धा बघा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत विषयाचं बंधन नव्हतं आणि एकाच प्रस्तावाला १० कोटी डॉलर मिळणार होते. अर्ज आले १,९०४. प्रस्ताव अर्थपूर्ण, पडताळता येणारा, टिकाऊ आणि प्रत्यक्षात उतरवता येण्याजोगा हवा, असे चार निकष होते. डिसेंबर २०१७ मध्ये मुलांसाठी टीव्ही कार्यक्रम करणारी सेसमी वर्कशॉप आणि निर्वासितांना मदत करणारी इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी यांची निवड झाली, सीरियातल्या युद्धामुळे विस्थापित झालेल्या लहान मुलांच्या शिक्षणासाठी. अंतिम फेरीतल्या बाकी तिघांनाही प्रत्येकी दीड कोटी डॉलर मिळाले.

चारपैकी ‘पडताळता येणारा’ या निकषावरच बहुतेक जण अडखळतात, असं माझं मत आहे. २०२१ मध्ये हेच अनुदान जिंकलेल्या कम्युनिटी सोल्युशन्स या संस्थेचं काम मी म्हणूनच वारंवार दाखवते. अमेरिकेतली बेघरांची समस्या सोडवताना त्यांचा भर नावानिशी यादीवर असतो. शहरात आज कोण बेघर आहे, कोणाला घर मिळालं, नव्याने कोण रस्त्यावर आलं, हे त्या यादीत सतत अद्ययावत होत राहतं. संख्या घटली की नाही, यावर वाद घालायला जागाच उरत नाही. आणि यादीत प्रत्येक माणूस नावाने असतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाचणारा कोण, हेही लक्षात ठेवा. ‘हंड्रेड अँड चेंज’च्या त्या दुसऱ्या स्पर्धेत अर्जदारांनीच एकमेकांचे अर्ज तपासले होते, प्रत्येकाने पाच. म्हणजे तुमचा पाणीपुरवठ्याचा प्रस्ताव कदाचित डासांवर काम करणारा माणूस वाचेल. ‘समुदायाचं सक्षमीकरण करून सर्वांगीण आरोग्य सुधारणे’ या आमच्या एका आरोग्याच्या प्रस्तावातल्या ओळीतून त्याला काय कळणार? ती ओळ खोडून आम्ही लिहिलं: ‘पाच वर्षांत प्रत्येक गावात दोन प्रशिक्षित आरोग्यसेविका असतील आणि त्या दर महिन्याला प्रत्येक गरोदर बाईला घरी जाऊन भेटतील.’ हे लिहिताच सहकाऱ्याने विचारलं, त्यांचा पगार सहाव्या वर्षी कोण देणार? दोन दिवस आम्ही त्या एका प्रश्नावर बसलो होतो, आणि अंदाजपत्रकातला अर्धा खर्च तिथेच बदलला. टिकाऊपणाचं उत्तर शेवटच्या परिच्छेदात नसतं, ते अंदाजपत्रकात दिसावं लागतं.

पात्रतेचे नियम लिहायला बसण्याआधी वाचा. अमेरिकन देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांच्या ‘यिल्ड गिव्हिंग’ या देणगी उपक्रमाने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संस्थांकडून अर्ज मागवले, ते साधारण १० लाख ते ५० लाख डॉलर वार्षिक खर्च असलेल्यांकडूनच. तरीही ६,३५३ अर्ज आले. २५० संस्था निवडायच्या होत्या; मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले. देणाऱ्याने हात सैल सोडला तरी जवळपास सहा हजार संस्था रिकाम्या हाताने परतल्या. त्या प्रत्येकीत कोणीतरी नेहमीचं काम बाजूला ठेवून रात्री जागवल्या असतील, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून आता अर्ज करायचा की नाही, हे ठरवताना मी बघते की यातलं काय निकालानंतरही आमच्या हाती राहील. दुसऱ्या वेळी आम्ही आधी सर्व्हे केला: प्रत्येक मुलासमोर एक साधा परिच्छेद ठेवला आणि किती शब्द वाचता आले ते लिहून घेतलं. ती स्पर्धा आम्ही जिंकलो नाही. पण शिक्षिकांनी त्याच नोंदींवरून मुलांचे गट पाडले, आणि पुढच्या वर्षी एका छोट्या देणगीदाराला आम्ही तेच तक्ते दाखवले.