नोकरी सांभाळून एनपीटीईएलचा कोर्स
नोकरी करता करता नवीन काही शिकायचं असेल तर आधी 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या ऑनलाइन उपक्रमाचे, कोर्स पाहा. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं तिथे मोफत आहेत. पैसे भरायचे ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. पहिलाच कोर्स 12 आठवड्यांचा घेऊ नका, 4 किंवा 8 आठवड्यांचा पुरे. दर आठवड्याची असाइनमेंट मात्र मुदतीत द्याच. अंतिम गुणांत तिचा वाटा 25 टक्के, परीक्षेचा 75. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 गुण लागतात, म्हणजे नुसता शेवटी अभ्यास करून भागत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणूनच या प्रमाणपत्राला माझ्या मते वजन आहे. तारीख आधीच जाहीर होते. त्या दिवसाची शिफ्ट वेळेत बदलून घ्या.